स्लॅग सिमेंट घराला चालतं का? धायरीच्या साइटवरून सविस्तर रिव्ह्यू

आधी मार्क देऊन टाकते म्हणजे घाईतले लोक मोकळे. सिमेंटला पाचपैकी चार. दुकानात ते ज्या पद्धतीने विकलं जातं त्याला दीड, तोही जीव मोठा करून. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण हा रिव्ह्यू एका कंपनीचा नाही, त्या अख्ख्या प्रकाराचा आहे. गोणीवर पोर्टलँड स्लॅग सिमेंट लिहिलेलं असतं, बोलताना सगळे पीएससी म्हणतात. माल संपला म्हणून मध्येच दुसऱ्या कंपनीचं घ्यावं लागलं तरी साइटवर काही फरक कळला नाही, त्यामुळे कुठल्या कंपनीचं घेऊ हे मला विचारू नका, जवळच्या दुकानात ताजं मिळेल ते घ्या.

आमचं पुण्यात धायरीला जुनं बैठं घर होतं, ते पाडून तिथेच तळमजला आणि वर एक मजला बांधला. नवऱ्याची नोकरी हैदराबादला, सासऱ्यांना जिना चढवत नाही, त्यामुळे साइट माझ्याकडे आली आणि सिमेंट, सळई, क्रश सँड, खडी यावर मी आता लग्नात जेवायला बसले तरी बोलू शकते. आरसीसी डिझाइन करणाऱ्या सरांनी ड्रॉइंगच्या नोट्समध्येच लिहून दिलं होतं की फुटिंग (म्हणजे पाया), जमिनीतली पाण्याची टाकी, कॉलम आणि स्लॅब पीएससीत करा. मी म्हटलं ठीक आहे, सिमेंटच तर आहे, आणून टाकू. तिथून पुढे गंमत सुरू झाली.

पहिल्या दुकानात काकांनी ऐकूनच मान हलवली. म्हणाले, मॅडम ते कारखान्याचा कचरा दळून केलेलं असतं, धरणा-पुलाला वापरतात, घराला नका घेऊ. (धरणाला चालतं आणि घराला चालत नाही, यावर विचार करत मी बाहेर पडले.) दुसऱ्या दुकानात सांगितलं, त्यात राख असते, ताकद नाही. आणि हे सांगताना त्यांचा हात ज्या थप्पीवर होता ती पीपीसीची, म्हणजे पोर्टलँड पोझोलाना सिमेंटची होती, आणि राख असते ती त्यात! पीपीसीत औष्णिक वीज केंद्राची फ्लाय अ‍ॅश असते, मानकाप्रमाणे १५ ते ३५ टक्के. पुण्यात घरबांधणीला सर्रास तेच जातं आणि कोणाचं काही म्हणणं नसतं. पीएससीत राख नसते, त्यात लोखंडाच्या भट्टीतला स्लॅग असतो, २५ टक्क्यांपासून ७० टक्क्यांपर्यंत. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत पण दुकानदाराला विकायचं असतं ते सरळ आणि नसतं विकायचं ते 'राखवालं'.

शेवटी नऱ्हे रोडला एका दुकानात एक मुलगा भेटला, वडिलांचं दुकान सांभाळतो, त्याने न विचारता गोणीचा वीक नंबर (माल कुठल्या आठवड्यात बनला तो) दाखवला आणि कंपनीचं त्या आठवड्याचं टेस्ट सर्टिफिकेट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. वरचा दीड मार्क त्याचा आहे. गोणीमागे पीपीसीपेक्षा दहा-पंधरा रुपये कमी पडले. सप्टेंबर २०२५ मध्ये सिमेंटचा जीएसटी २८ वरून १८ झाला तो सगळ्याच सिमेंटला झाला, त्यामुळे त्या हिशोबात पीएससीचं वेगळं कौतुक नको.

आता हा 'कचरा' म्हणजे नक्की काय ते थोडं सांगते, कारण सासऱ्यांना समजावता समजावता मलाच पाठ झालंय. लोखंडाच्या मोठ्या भट्टीत, म्हणजे ब्लास्ट फर्नेसमध्ये, खनिज, कोक आणि चुनखडक घालतात. खनिजातली माती-दगड, म्हणजे सिलिका आणि अ‍ॅल्युमिना वगैरे, चुन्याबरोबर वितळून लोखंडावर तरंगतं. ते लोखंडापेक्षा हलकं असतं म्हणून वेगळं काढता येतं. एक टन लोखंडामागे साधारण तीनशे-चारशे किलो स्लॅग निघतो, आपल्या खनिजात अ‍ॅल्युमिना जास्त, कोळशात राख जास्त, म्हणून आपल्याकडे तो जरा सढळच निघतो. हा वितळलेला रस खड्ड्यात ओतून सावकाश गार होऊ दिला तर त्याचा दगड होतो, फोडून खडी म्हणून वापरता येते पण सिमेंट म्हणून त्याला काही किंमत नाही. तोच रस पाण्याच्या जोरदार फवाऱ्याखाली झटक्यात गार केला की त्याचे काचेसारखे दाणे होतात, दिसायला जाड वाळू. स्फटिक जमायला वेळच मिळालेला नसतो, आणि म्हणूनच ते दाणे बारीक दळले की चुन्याच्या संगतीत सिमेंटसारखे धरतात. हे एमिल लांगेन नावाच्या जर्मन माणसाने १८६२ मध्ये दाखवलं होतं. आपल्याकडे स्लॅग सिमेंटचं मानक, आयएस ४५५, पहिल्यांदा आलं १९५३ ला. म्हणजे 'हे काहीतरी नवीन फॅड आलंय' असं ज्यांचं म्हणणं आहे त्यांच्या जन्माआधीपासून हे फॅड आहे.

सासरे तरी म्हणालेच, "अगं, भट्टीची घाण दळून त्यात घर उभं करायचं?" मी म्हटलं, बाबा, पेठेतल्या आपल्या जुन्या वाड्याला चुन्यात काय घातलं होतं? सुरखी. म्हणजे भाजलेल्या विटांचे तुकडे दळून. बैल लावून घाण्यात चुना मळायचे तेव्हा त्यात विटांचा चुरा पडायचाच, आणि त्या भिंतीत खिळा ठोकताना आजही हात दुखतो. यावर ते गप्प बसले. पटलं म्हणून की जेवायची वेळ झाली म्हणून ते माहीत नाही.

बरं, आता मुद्द्याचं. पीएससीची खरी किंमत गोणीवर छापलेली नसते. ती टँकरच्या बिलात आणि सेंट्रिंगच्या, म्हणजे काँक्रीट धरेपर्यंत आधार देणाऱ्या फळ्या-टेकूंच्या, भाड्यात असते. हे कोणीच आधी सांगत नाही म्हणून हा एवढा मोठा रिव्ह्यू.

कारण असं की स्लॅग नुसत्या पाण्याने फारसा हलत नाही. गोणीतलं जे क्लिंकर आहे, म्हणजे चुनखडक भाजून केलेला सिमेंटचा मूळ माल, ते आधी पाण्याबरोबर काम सुरू करतं, त्यातून चुना सुटतो, आणि त्या चुन्याने स्लॅग जागा होतो. म्हणजे यात एक पायरी जास्त आहे, अगदी विरजण लावल्यासारखं, घाई करून उपयोग नाही. साध्या सिमेंटमध्ये तो सुटलेला चुना काँक्रीटमध्ये तसाच पडून राहतो, ताकदीच्या फारशा कामाचा नाही, उलट पाण्याबरोबर बाहेर येऊन भिंतीवर पांढरे डाग देतो. इथे तो स्लॅगबरोबर खर्ची पडतो आणि बारीक बारीक छिद्रं बुजत जातात. त्यामुळे पहिल्या आठवड्यात पीएससी मागे दिसतं आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुढे जातं. पण हे सगळं कधी, तर ओल टिकली तर. मध्येच वाळलं की स्लॅग जिथे होता तिथेच झोपतो, आणि मग तुम्ही आतून अर्धवट काँक्रीटचं घर बांधलेलं असतं आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

आयएस ४५६ मध्ये, म्हणजे काँक्रीटच्या कामाच्या मानकात, सरळ लिहिलंय की ओपीसीला (ऑर्डिनरी पोर्टलँड, म्हणजे साधं सिमेंट) किमान ७ दिवस पाणी मारा, राख किंवा स्लॅग घातलेल्या मिश्र सिमेंटला किमान १०, आणि हवा कोरडी-गरम असेल तर ओपीसीला १० आणि मिश्रला १४. आता पुण्याचा एप्रिल-मे कोरडा आणि गरम नसेल तर कुठला असेल! आणि स्लॅब टाकायचा सीझन तोच, पावसाच्या आत वरचा स्लॅब पडला पाहिजे म्हणून सगळ्यांची धावपळ. म्हणजे चौदा दिवस, दिवसातून एकदा पाइप फिरवून नव्हे, तर स्लॅबवर माल-मातीची आळी करून पाणी भरून ठेवायचं, कॉलमला गोणपाट गुंडाळून ते ओलं ठेवायचं. कॉलमचं जास्त अवघड असतं कारण उभ्या पृष्ठभागावर पाणी थांबत नाही आणि दुपारी एक वाजता बघितलं तर गोणपाट पापडासारखं कडक. धायरीत उन्हाळ्यात बांधकाम म्हणजे टँकर आलाच. गोणीमागे वाचलेले दहा-पंधरा रुपये आम्ही टँकरवाल्याला दिले, वर अजून थोडे घालून. ज्यांच्याकडे बोअरला मे महिन्यात पाणी असतं त्यांनी देवाचे आभार मानावेत आणि डोळे मिटून पीएससी घ्यावं.

इथे एक जण नक्की म्हणणार की मग पीपीसी घेतलं असतं. नियम बघा, पीपीसीही मिश्र सिमेंटच आहे, त्यालाही तेवढेच दिवस पाणी लागतं. पुण्यात लोक पीपीसी वापरून चार दिवसांत पाइप गुंडाळून ठेवतात ही वेगळी गोष्ट. आणि ताकदीचं म्हणाल तर मानकातले किमान आकडे दोघांचे एकच आहेत, ३ दिवसांना १६, ७ दिवसांना २२, २८ दिवसांना ३३ एमपीए (दाब सोसायच्या ताकदीचं माप). ओपीसी ४३ ला हेच आकडे २३, ३३ आणि ४३ आहेत. ज्या काकांनी मला पीएससीची ताकद नाही म्हणून पीपीसी दाखवलं त्यांना हा तक्ता फ्रेम करून द्यायची फार इच्छा होती, पण त्यांच्याकडून बाइंडिंग वायर घ्यायची होती.

सेंट्रिंगवर ठेकेदाराशी वाजलं. तो माणूस वाईट नाही, कामाला चांगला आहे, पण त्याचं गणित असं की फळ्या आणि प्लेटा जेवढ्या लवकर सुटतील तेवढ्या लवकर पुढच्या साइटला. नियमात साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवसांनी आणि त्यापेक्षा मोठ्याचे १४ दिवसांनी काढता येतात, पण ते आकडे ओपीसीचे आहेत, दुसरं सिमेंट असेल तर इंजिनिअरने वाढवायचे असतात. सरांनी आठवडाभर वाढवले. ठेकेदार म्हणाला, "मॅडम, तुमच्या सिमेंटपायी माझा माल अडकला." त्याचंही खोटं नव्हतं. शेवटी सेंट्रिंगचे वाढीव पैसे वेगळे द्यायचे ठरले आणि प्रश्न मिटला, पण हे अ‍ॅग्रीमेंट करतानाच लिहून घ्या, स्लॅब टाकल्यावर ही बोलणी करायला गेलात तर तुमचीच पडती बाजू असते.

क्यूब टेस्टचं सांगते, म्हणजे काँक्रीटचे ठोकळे भरून ठेवायचे आणि दाबून फोडून ताकद बघायची. एम २५ काँक्रीट होतं, म्हणजे २८ दिवसांना २५ एमपीएचं. सात दिवसांचा रिपोर्ट आला तो सोळाच्या आसपास आणि घरात सुतक पडल्यासारखी शांतता, कारण यूट्यूबवर सगळे सांगतात की सात दिवसांत सत्तर टक्के यायला पाहिजे. सरांना फोन केला तर ते हसले, म्हणाले हे ओपीसीचं गणित आहे, २८ दिवसांचा येऊ द्या. २८ दिवसांचा एकतीसच्या वर आला. तर तुमचाही सात दिवसांचा रिपोर्ट बारीक आला तर लगेच ठेकेदाराची गचांडी धरू नका, पण २८ चा क्यूब मात्र चुकवू नका, आणि जास्तीचे क्यूब भरून ठेवा, एक सेट ५६ दिवसांना फोडायला. पीएससीची खरी मजा तिथे दिसते. क्यूब त्याच काँक्रीटचे भरताहेत ना ते उभं राहून बघा, एवढंच सांगते, पुढचं समजून घ्या.

हिरव्या रंगाचा किस्सा सांगायलाच हवा. तळमजल्याच्या कॉलमच्या प्लेटा खोलल्या तर काँक्रीट चक्क निळसर-हिरवं. शेजारच्या काकू गच्चीतून बघत होत्या, त्यांनी लगेच सांगितलं की शेवाळ आलंय, पाणी खराब आहे. मिस्त्रीही जरा चपापला, कारण त्याने पीएससीत काम केलेलं पण प्लेटा इतके दिवस ठेवून कधी खोलल्या नव्हत्या. प्रकार साधा आहे. स्लॅगमध्ये थोडं गंधक सल्फाइडच्या रूपात असतं, हवा लागत नाही तोवर ते हा रंग देतं, हवा लागली की उडून जातो. आमच्या कॉलमचा आठवड्या-दोन आठवड्यांत गेला. पण आतमध्ये, जिथे हवा पोचत नाही, तिथे तो राहतो, नंतर प्लंबरने पाइपसाठी कोअर कटिंग केलं तेव्हा आतून निघालेला गोळा मस्त हिरवा होता. तो मी ठेवून दिलाय, पाहुण्यांना दाखवते. वाईट नाही ते, उलट त्यावरून कळतं की सिमेंटमध्ये स्लॅग खरंच आहे.

प्लास्टरबद्दल मिस्त्रीचं मत आणि माझं मत वेगळं आहे. पीएससीचा रंग साध्यापेक्षा उजळ, कालवलेला माल मऊ, थापीला चिकटून न राहणारा, भिंतीवर छान पसरतो. पण धरायला वेळ घेतो. सकाळी मारलेल्या भागाला रंधा मारायला एरवीपेक्षा बराच वेळ थांबावं लागायचं, आणि बिगारी पगारावर असताना मिस्त्रीला थांबणं परवडत नाही. त्यामुळे तो संध्याकाळी चारनंतर नवीन भिंत धरायचाच नाही. डिसेंबरमध्ये तर विचारू नका, पुण्याची थंडी दिल्लीएवढी नसली तरी सकाळी दहा-बारा डिग्री असताना स्लॅग अजिबात अंग हलवत नाही. माझ्या बाजूने सांगायचं तर केसासारख्या ज्या बारीक भेगा सगळीकडे दिसतात त्या आमच्या भिंतींवर फारच कमी आल्या, हे सिमेंटमुळे की आम्ही पाणी नीट मारलं म्हणून, ते वेगळं करून सांगता येणार नाही. प्लास्टरला पीएससी घ्या असा माझा आग्रह नाही. हिवाळ्यात काम काढलं असेल आणि ठेकेदार रोजावर असेल तर पीपीसी घ्या, शांत झोप लागेल.

टाकीला मात्र पैकीच्या पैकी. जमिनीतली पाण्याची टाकी पीएससीत केली, भरून ठेवून बघितली, पाझर नाही. छिद्रं कमी राहतात म्हणून पाणी धरणाऱ्या कामाला हे सिमेंट चांगलं, आणि धरताना उष्णता कमी सुटते म्हणून जाड फुटिंग, राफ्ट असल्या कामाला चांगलं. धरणा-पुलाला वापरतात ते यासाठीच, दुकानदार काका तेवढं बरोबर बोलले होते.

एक गोष्ट पुणेकरांना स्पष्ट सांगते. पीएससीचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे खाऱ्या हवेत आणि खाऱ्या पाण्यात ते सळईला सांभाळतं, मिठातल्या क्लोराइडला आत शिरायला सहज वाट मिळत नाही. तो गुण पुण्यात वाया जातो, कारण समुद्र आपल्याकडे फक्त वीकेंडला असतो. अलिबाग, गुहागर, मालवणकडे ज्यांचं गावचं घर बांधायचं आहे त्यांनी मात्र दुसऱ्या सिमेंटचा विचारही करू नका असं मी म्हणेन, तिकडे स्लॅबच्या पोटातून सळई फुगून बाहेर आलेली घरं सगळ्यांनीच बघितली आहेत.  गंमत म्हणजे माल येतो तोही तिकडूनच, रायगडमध्ये डोलवीला जेएसडब्ल्यूचा पोलाद कारखाना आहे, पूर्वी इस्पात नावाने होता तो, आणि त्याला लागूनच त्यांचं सिमेंटचं युनिट. क्लिंकर भट्टी चुनखडकाजवळ लागते, पण स्लॅग सिमेंट दळायचं युनिट लोखंडाच्या भट्टीजवळ टाकता येतं, हा त्यामागचा हिशोब.

आता 'ग्रीन सिमेंट'. गोणीवर पानं-बिनं काढलेली असतात, ब्रोशरमध्ये लिहिलेलं असतं की स्टीलच्या कचऱ्यापासून. यात निम्मं खरं आहे. खरं असं की क्लिंकर करताना चुनखडक जवळजवळ १४५० डिग्रीला भाजतात आणि नुसता दगड भाजला तरी त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतोच, १०० किलो शुद्ध चुनखडकातून ४४ किलो, मग इंधन कुठलंही वापरा. इंधन धरून एक टन क्लिंकरमागे आठशे किलोच्या वर जातं. स्लॅगमधला चुना भट्टीत आधीच भाजून झालेला असतो, त्यामुळे निम्मा स्लॅग म्हणजे निम्मं क्लिंकर वाचलं. दळायला स्लॅग जास्त टणक असतो, वीज जास्त खातो, पण ती जमेला धरूनही फायदा मोठा आहे.

पण 'स्टीलचा कचरा' हे पुरतं बरोबर नाही. आपल्या गोणीत येतो तो लोखंडाच्या भट्टीचा स्लॅग. लोखंडाचं पुढे स्टील करताना जो निघतो तो निराळा, त्यात लोखंडाचे ऑक्साइड जास्त, मोकळा चुना आणि मॅग्नेशिया असतो, आणि पाणी लागलं की तो महिन्यांनी, कधी वर्षांनी फुगतो. कोणी स्वस्तात भर म्हणून असा स्लॅग फरशीखाली टाकून देत असेल तर दहादा विचार करा, फरशा उचलल्या जातील. तो खरा कचऱ्याचा प्रश्न आहे, कारखान्यांबाहेर ढीग असतात ते बहुतेक त्याचेच. नीट मुरवून, प्रक्रिया करून तो रस्त्याला चालतो, सुरतजवळ हजीऱ्याला २०२२ मध्ये सीआरआरआय या केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेच्या मदतीने त्याचा सहा पदरी रस्ता केलाय. सिमेंटमध्ये तो घालायचा तर क्लिंकरच्या भट्टीतच कच्चा माल म्हणून घालणं बरं पडतं, अमेरिकेत टेक्ससमध्ये मिडलोथियनला पोलाद कारखाना आणि सिमेंट कारखाना शेजारी-शेजारी, त्यांनी नव्वदच्या दशकात हे केलं. आणि केंब्रिज विद्यापीठातल्या लोकांनी तर सगळं उलटं फिरवलं, पाडलेल्या इमारतींच्या काँक्रीटमधून सिमेंटचा भाग वेगळा काढून तो विजेच्या भट्टीत चुन्याच्या जागी घातला, म्हणजे स्टील शुद्ध होतंय आणि वर तरंगणारा स्लॅग झटक्यात गार केला की तेच नवीन क्लिंकर. २०२४ मध्ये नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात त्यांचा पेपर आला. आमचं जुनं घर पाडलं तेव्हा राडारोड्याचे डंपर भरभरून पैसे देऊन बाहेर पाठवले, त्यामुळे हे वाचून जरा चुटपुट लागली. पुण्यातल्या हार्डवेअरच्या दुकानात असलं काही मिळायला वेळ आहे.

दुसरी बाजूही आहे. ब्लास्ट फर्नेस बंद होऊन विजेच्या भट्ट्या येतील तसा हा चांगला स्लॅग कमी होत जाणार. ब्रिटनमध्ये पोर्ट टॅलबटच्या पोलाद कारखान्यातली शेवटची ब्लास्ट फर्नेस सप्टेंबर २०२४ मध्ये बंद झाली. आपल्याकडे तूर्त उलट चाललंय, नवीन भट्ट्या उभ्या राहताहेत, त्यामुळे तुमच्या-माझ्या घरापुरता माल आहे. आणि त्याला कचरा म्हणणंही आता हास्यास्पद आहे, कारखाने तो व्यवस्थित भाव लावून विकतात.

घेताना काय बघायचं ते पटकन सांगते. गोणीवर आयएस ४५५ आणि आयएसआय मार्क, वीक नंबर, आणि तीन महिन्यांपेक्षा जुना माल नको, पावसाळ्यात तर त्याहून ताजा. सर्टिफिकेट मागा, त्यात स्लॅगची टक्केवारी असते, पन्नासच्या आसपासचं आणि सत्तरला टेकलेलं यांच्या वागण्यात फरक पडणारच. पीएससीमध्ये साइटवर फ्लाय अ‍ॅश किंवा वेगळी जीजीबीएस पावडर (म्हणजे दळलेला स्लॅगच) कोणी घालत असेल तर थांबवा, ती मिसळायची असते ओपीसीत, यात आधीच घातलेली आहे. आरएमसी, म्हणजे प्लांटवरून तयार काँक्रीट, मागवत असाल तर प्लांटवाले बऱ्याचदा ओपीसी आणि जीजीबीएस मिसळून देतात, म्हणजे स्लॅग तुमच्या घरात नकळत आलेला असू शकतो, फक्त मिक्स डिझाइन मागून किती आहे ते बघा आणि त्याप्रमाणे पाणी मारा. दुकानदाराला आयएस नंबर विचारून बघाच, अर्ध्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो.

एक मार्क कापला तो कंपन्यांनी पाण्याबद्दल आणि प्लेटा किती दिवस ठेवायच्या त्याबद्दल गोणीवर मराठीत धड चार ओळी छापलेल्या नाहीत म्हणून. हिरवी पानं काढायला जागा आहे, 'चौदा दिवस पाणी मारा' लिहायला नाही! मिस्त्री गोणीच वाचतो, वेबसाइट नाही.

आता गच्चीवरच्या टाकीचं काम राहिलंय, ते पावसाळा संपल्यावर पण थंडी पडायच्या आत काढणार आहोत. तिथेही पीएससीच घेतेय, ठेकेदाराला आत्ताच सांगून ठेवलंय की प्लेटा महिनाभर विसरायच्या, भाडं आधी घेऊन जा.